जंगलाचं पन्नास वर्षांचं नियोजन आणि संगणकी मॉडेल: कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

शाहूवाडीपासून चंदगडपर्यंत सह्याद्रीच्या कडेनं जो जंगलाचा पट्टा आहे, त्याचे नकाशे, मोजमाप आणि संगणकावरचं गणित हे माझं रोजचं काम. ग्रामसभेत, कॉलेजात, बीटवरच्या वनरक्षकांबरोबर चहा पिताना तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. सगळी उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथं खरी गोम आहे तिथं जास्त थांबलो आहे.

जंगल आपोआप वाढतं. त्याचं कसलं आलंय नियोजन?

दाजीपूरच्या गाभ्यातल्या दाट रानाबद्दल बोलत असाल तर तुमचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. तिथं माणसानं हात न लावणं हेच उत्तम. पण जिल्ह्यातलं सगळं जंगल तसं नाही. कुठं चाळीस वर्षांपूर्वी लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ उभी आहे, कुठं सागाचं रोपवन आहे, कुठं रानमोडी आणि घाणेरीनं पायवाटा गिळल्या आहेत, कुठं दर उन्हाळ्यात सडा, म्हणजे माथ्यावरचं उघडं गवताळ कातळपठार, जळतो. शिवाय हिरडा, शिकेकाई, सरपण आणि गुरांची चराई आहेच. या प्रत्येक ठिकाणी दरवर्षी कोणी ना कोणी काहीतरी ठरवतच असतं. काहीच करायचं नाही, हेही ठरवणंच झालं.

कायद्याचीही बाजू आहे. सर्वोच्च न्यायालयानं 12 डिसेंबर 1996 च्या आदेशात केंद्रानं मंजूर केलेल्या कार्य आयोजनेशिवाय जंगलात तोड करायला मनाई केली. कार्य आयोजना म्हणजे वनविभागाचा साधारण 10 वर्षांचा आराखडा. राधानगरी अभयारण्यासाठी वेगळा व्यवस्थापन आराखडा असतो, तिथं उद्देशच वन्यजीवांचा आहे. अडचण अशी, की साग काढणीला यायला 60 वर्षं आणि त्याहूनही जास्त लागतात, आणि जांभळाची राई तर पिढ्यान् पिढ्या उभी राहते. दहा वर्षांच्या कागदात ते मावत नाही. पुढच्या दहा वर्षांत केलेल्या कामाचा पन्नासाव्या वर्षी काय परिणाम दिसेल, एवढं बघायला मॉडेल लागतं.

मॉडेल म्हणजे नक्की काय? थ्रीडी चित्र का?

चित्र शेवटी निघतं, आधी सगळं आकडेमोडीचं काम. आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. लोक त्या एकच समजतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

पहिली गोष्ट वाढीचं मॉडेल. आज एवढ्या घेराची, एवढ्या दाटीत उभी असलेली, अमुक जातीची झाडं पाच वर्षांनी किती होतील, किती मरतील, नवी किती उगवतील, हे ते सांगतं. तुम्ही काय करावं याबद्दल त्याला काही म्हणायचं नसतं.

दुसरी गोष्ट निवडीचं मॉडेल. हे कोल्हापुरात समजावणं सोपं आहे. साखर कारखान्याचं शेती ऑफिस तोडणी प्रोग्राम कसा लावतं बघा. लागणीची नोंद, आडसाली का खोडवा, रोजची गाळप क्षमता, टोळ्या किती, वाहनं किती. सगळ्यांचा ऊस एकाच आठवड्यात तोडता येत नाही, उशीर केला तर वजन आणि उतारा जातो, आणि गाळप मध्येच थांबवूनही चालत नाही. जंगलाचं गणित अगदी याच जातीचं आहे. फक्त तिथं हंगाम दीडशे दिवसांऐवजी साठ-सत्तर वर्षांचा असतो, आणि एक पर्याय कायम उघडा असतो: या कक्षाला, म्हणजे जंगलाच्या क्रमांक दिलेल्या तुकड्याला, हातच लावायचा नाही.

निवडीच्या मॉडेलला तीन गोष्टी द्याव्या लागतात. काय साधायचं आहे, कोणत्या अटी मोडायच्या नाहीत, आणि प्रत्येक कक्षात कोणती कामं शक्य आहेत. मग ते सगळ्या अटी पाळून उद्दिष्टाच्या सगळ्यात जवळ जाणारं वेळापत्रक शोधतं.

हे अनुभवी वनपालाला डोक्यात जमत नाही?

एका कक्षाचं जमतं, आणि बऱ्याचदा माझ्या मॉडेलपेक्षा चांगलं जमतं. पण 40 कक्ष घ्या. प्रत्येक कक्षात पाच पर्याय ठेवा: काहीच नाही, विरळणी (काही झाडं काढून दाटी कमी करणं), तण काढणं, देशी झाडांची लागवड, चराईबंदी. एकूण जोड्या होतात 5 चा 40 वा घात, म्हणजे 9 वर 27 शून्यं. त्यातच कोणतं काम कोणत्या वर्षी हेही ठरवायचं. अनुभवी माणूस यातले चार-सहा शहाणे पर्याय निवडतो, पण सातवा बरा होता का हे त्याला कळायचं कुठून? संगणकाचा उपयोग इतकाच.

ही पद्धत आली कुठून?

जंगल मोजून त्यावर आराखडा करायची पद्धत आपल्याकडे इंग्रजांच्या काळात आली. डीट्रिश ब्रँडिस हा जर्मन माणूस 1864 मध्ये भारताचा पहिला वन महानिरीक्षक झाला. त्याआधी ब्रह्मदेशात सागाची मोजणी त्यानं नमुन्यांवरून केली होती. मार्टिन फाउस्टमान यानं 1849 मध्येच रान किती वर्षांनी तोडणं फायद्याचं याचं सूत्र मांडलं होतं. पुढं जॉर्ज डँट्झिगनं 1947 मध्ये रेषीय नियोजनाची, म्हणजे अटी पाळून सगळ्यात चांगला पर्याय शोधायच्या गणिताची, सिम्प्लेक्स रीत काढली, आणि 1970 च्या सुमाराला अमेरिकेच्या वनसेवेनं ती जंगलाला लावली. टिंबर रॅम हा त्यातला सुरुवातीचा प्रोग्राम. नाव ऐकूनच कळतं की डोळा लाकडावर होता.

त्यानंतर आला फोरप्लॅन. 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या राष्ट्रीय वनांचे आराखडे त्यावर बनले. गणित इतकं अगडबंब झालं की ज्यांच्यासाठी आराखडा, त्यांना आत काय चाललंय हेच कळेना. मग 1990 मध्ये ठिपकेवाल्या घुबडाची तिथली एक उपजात संकटग्रस्त म्हणून कायद्यानं नोंदली गेली, आणि वायव्येकडच्या जंगलांत लाकडाचे ठरलेले आकडे कागदावरच राहिले. घुबडाला लागणारं जुनं जंगल ही अट गणितात नीट बसवलेलीच नव्हती. कोणी मला आपल्या मॉडेलमध्ये किती हजार समीकरणं आहेत हे अभिमानानं सांगू लागलं, की मला फोरप्लॅन आठवतो.

आमच्याकडचं एखादं उदाहरण द्या की.

आकडे समजा म्हणून घेतलेले आहेत, प्रश्न मात्र खरा आहे.

समजा, 300 हेक्टर ऑस्ट्रेलियन बाभळीचं जुनं रोपवन हळूहळू देशी रानात बदलायचं आहे. जांभूळ, अंजनी, ऐन, किंजळ, हिरडा, बेहडा असं मिश्र. एकदम सगळं काढलं तर पहिल्याच पावसाळ्यात उतारावरची माती ओढ्यात जाईल. म्हणून पहिली अट: लागून असलेले दोन कक्ष पाच वर्षांच्या आत उघडे करायचे नाहीत. दुसरी अट: झऱ्यालगतचा पट्टा शेवटी. तिसरी अट रोपवाटिकेची: देशी रोपं वर्षाला 10,000.

आता हिशेब. 4 बाय 4 मीटरवर लावलं तर हेक्टरी 625 रोपं. 10,000 रोपांत 16 हेक्टर होतात, म्हणजे 300 हेक्टरला जवळपास 19 वर्षं. पण पहिल्या वर्षी पाचवा हिस्सा मरतो असं धरा, तर नांग्या भरायला हेक्टरी आणखी 125. म्हणजे हेक्टरी 750 रोपं, वर्षाला सव्वातेरा हेक्टर, आणि काम 22 ते 23 वर्षांवर गेलं. दहा वर्षांच्या आराखड्यात "300 हेक्टरचं रूपांतर" असं एका ओळीत लिहिलं असेल, तर ती ओळ तिथंच खोटी ठरली.

मॉडेलचा खरा फायदा पुढे आहे. उत्तरासोबत ते हेही सांगतं की कोणती अट सगळ्यात जास्त आवळतेय. इथं निधी दुप्पट केला तरी काम एका दिवसानंही लवकर होत नाही, कारण गाडं रोपवाटिकेपाशी अडलंय. तिथं वर्षाला फक्त 1,000 रोपं जादा मिळाली तर सुमारे दोन वर्षं वाचतात. अशी गोष्ट बैठकीत कागदावर मांडता येते आणि लोकांना पटतेही.

आणि एक पर्याय मी नेहमी घालतो. बाभळीखाली वाकून बघा. जवळपास जुनं रान असेल तर पाखरांनी आणलेल्या बियांमधून जांभळा-अंजनीची रोपं सावलीत आलेली असू शकतात. अशा कक्षात लागवड कशाला? विरळणी करून उजेड द्यायचा, बास. हा पर्याय मॉडेलमध्ये घातला नाही तर ते तुम्हाला इमानेइतबारे सगळीकडे खड्डे मारायला लावेल.

यासाठी माहिती कोण आणि कशी गोळा करतं?

टेप, रंगाचा डबा, होकायंत्र किंवा जीपीएस, नोंदवही आणि झाडं ओळखणारा गावातला माणूस. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा.

नेहमीचा नमुना भूखंड 0.1 हेक्टरचा, म्हणजे 31.62 मीटर बाजूचा चौरस. ही बाजू आडव्या अंतराची असते. राधानगरीच्या घाटात 30 अंशांच्या उतारावर टेप जमिनीवर टाकलीत तर ती 36.5 मीटर धरावी लागते, नाहीतर भूखंड छोटा भरतो आणि हेक्टरी झाडं कमी दिसतात. उतारावर हा फरक विसरला जाणं ही या कामातली सगळ्यात सर्रास गफलत. घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर, चढाच्या बाजूला उभं राहून घ्यायचा. अंजनी बुंध्याशीच फुटलेली असते, पूर्वी तोडलेली असेल तर एका खोडाच्या जागी पाच-सहा. 1.37 मीटरच्या खाली फुटलेलं प्रत्येक खोड वेगळं मोजायचं. टेपखाली वेल किंवा शेवाळाचा थर आला तर आधी तो बाजूला करायचा. घेर घेतला त्या जागी रंगाचा पट्टा, कारण पाच वर्षांनी दुसरा कोणी येऊन बोटभर वर मोजेल आणि झाड बारीक झालं अशी नोंद करेल. अशी "आटलेली" झाडं प्रत्येक मापणीत निघतात.

पावसाळ्यात हे काम होत नाही. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात जळवा. दिवाळीनंतर सुरू करायचं आणि होळीच्या आसपास आटोपायचं.

उपग्रह असताना टेप कशाला?

उपग्रह वरून छत्र, म्हणजे झाडांचा फांद्या-पानांचा पसारा, बघतो. सेंटिनेल-2 या उपग्रहाचं चित्र 10 मीटरपर्यंत बारीक आणि फुकट मिळतं, लँडसॅटची 30 मीटरची चित्रं 1980 च्या दशकापासूनची आहेत, म्हणजे रान कधी उघडं पडलं हे मागं जाऊन बघता येतं. हा खजिना आहे, नाही कोण म्हणतंय.

पण देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या व्याख्येत एक हेक्टरपेक्षा मोठं आणि 10 टक्क्यांहून जास्त छत्र असलेलं क्षेत्र हे वनाच्छादन. मालकी कोणाची, झाड कोणतं, हे तिथं बघत नाहीत. त्यामुळं काजूची बाग, बाभळीचं रोपवन आणि हजार वर्षांची राई एकाच हिरव्या रंगात येऊ शकतात. छत्र 70 टक्क्यांवर असेल तर अतिदाट, 40 ते 70 मध्यम दाट, 10 ते 40 विरळ. अतिदाट दिसणाऱ्या पट्ट्याखाली नवं रोप एकही नाही, सगळी रानमोडी, असंही असतं. ते वरून कळत नाही.

शिवाय जून ते सप्टेंबर आपल्याकडे ढगांमुळं साधं चित्र मिळणं अवघड. रडारवाला सेंटिनेल-1 ढगांतून पाहतो, पण त्याचं चित्र वाचायला वेगळा सराव लागतो. आणि एप्रिलचं चित्र घेतलंत तर पानगळीचं रान मेलेलं दिसतं. नोव्हेंबरचं आणि एप्रिलचं शेजारी ठेवून बघायची सवय लावा. सदाहरित कुठं आणि पानगळीचं कुठं, तिथल्या तिथं वेगळं पडतं.

स्वीडन-फिनलंडचं तयार सॉफ्टवेअर आणून बसवलं तर?

हा प्रश्न इंजिनिअरिंगची पोरं हमखास विचारतात. स्वीडनचं ह्युरेका फुकट मिळतं आणि फार सुरेख आहे. फिनलंडचं मेला आहे, कॅनडात वुडस्टॉक आणि पॅचवर्क्स वापरतात. पण त्यांच्या पोटात काय आहे ते बघा. ह्युरेकामधली वाढीची सूत्रं मुख्यतः पाइन, स्प्रूस आणि बर्चची. स्वीडननं राष्ट्रीय वनमापणी 1923 पासून चालवली आहे. शंभर वर्षांचे आकडे मागं उभे आहेत म्हणून तिथं पन्नास वर्षं पुढचं बोलता येतं.

आपल्याकडे पहिली अडचण म्हणजे झाडाचं वय. तिकडं खोडात थंडी-उन्हाळ्याच्या कड्या पडतात, मोजल्या की वय कळलं. सागात कड्या दिसतात. सदाहरित रानातल्या बहुतेक झाडांत अशा वार्षिक कड्या नीट दिसत नाहीत. म्हणजे "या कक्षाचं वय 45" या वाक्यावर उभी राहिलेली अख्खी मॉडेलं इथं लंगडी पडतात. इथं वयाऐवजी घेराचे गट धरावे लागतात: 30 ते 60 सेंटिमीटरच्या गटातली किती झाडं पाच वर्षांत पुढच्या गटात जातात, किती तिथंच राहतात, किती मरतात.

दुसरी अडचण जातींची. एका 0.1 हेक्टरमध्ये वीस-पंचवीस जाती सहज भरतात. प्रत्येकीचं वेगळं सूत्र करायला आकडे कुणाकडं आहेत? म्हणून सावलीत तग धरणाऱ्या, उजेड मागणाऱ्या, मोठ्या होणाऱ्या, झुडपी राहणाऱ्या अशा गटांत बांधतात.

तिसरी अडचण पावसाची. गगनबावड्याच्या पावसाच्या साधारण दहावा हिस्सा पाऊस शिरोळकडं पडतो, आणि मधलं अंतर एसटीनं काही तासांचं. एका जिल्ह्याला एक सूत्र लावणं म्हणूनच चुकीचं.

दक्षिणेत चांगलं काम झालंय. मुदुमलाईत भारतीय विज्ञान संस्थेनं 1988 पासून 50 हेक्टरचा कायमचा भूखंड राखला आहे, कोडगूत उप्पनगळ्याला सदाहरित रानात तसेच भूखंड आहेत. पण मुदुमलाईचं कोरडं पानगळीचं रान आणि आपलं दाजीपूर यांत खूप फरक. माझं मत स्पष्ट आहे: आधी आपल्या सह्याद्रीत कायमचे भूखंड, मग नवं सॉफ्टवेअर.

पन्नास वर्षांनंतरचं भाकीत खरं कसं मानायचं?

मानूच नका. साधा हिशेब करा. रानाची वाढ वर्षाला 2 टक्के धरली तर 50 वर्षांत साठा 2.7 पट होतो. 3 टक्के धरली तर 4.4 पट. एका टक्क्याच्या फरकानं एवढं अंतर पडतं, आणि आपल्या मोजमापातली अनिश्चितता एका टक्क्यापेक्षा कमी आहे असं कोणी छातीठोकपणे सांगणार नाही.

म्हणून मॉडेलला आकडा विचारायचा नसतो, तुलना विचारायची असते. वाढ 2 टक्के असो की 3, "अ" मार्ग "ब" पेक्षा सरस राहतो का? राहत असेल तर निर्णय पक्का. वाढ बदलली की क्रम उलटत असेल, तर आधी वाढ मोजायला पैसे घाला. आणि पन्नास वर्षांचं गणित केलं तरी अमलात आणायची फक्त पहिली पाच-दहा वर्षं. मग नवी मापणी, नवं गणित. हवामान बदलतंय, त्यामुळं जुनी सूत्रं किती दिवस चालतील हेही त्या फेरमापणीतच कळणार.

खर्च-उत्पन्नाचा हिशेब मॉडेल कसं करतं?

इथं जपून. अर्थशास्त्राच्या रीतीप्रमाणे पुढचा पैसा आजच्या किमतीत आणताना व्याजदरानं कापतात. 60 वर्षांनी मिळणारे 1 लाख रुपये 6 टक्के दरानं आज सुमारे 3,030 रुपयांचे. 2 टक्के दरानं 30,480. म्हणजे दर ठरवणाऱ्यानं जंगलाची किंमत आधीच ठरवून टाकली. 6 टक्के लावून कुठलंही मॉडेल चालवा, ते लवकर तोडा आणि लवकर वाढणारं लावा असंच सांगणार. त्यात संगणकाचा दोष काहीच नाही. कोणी तुम्हाला असा अहवाल दाखवला तर पहिल्यांदा दर विचारा. माझ्या मते झरे, माती आणि वन्यजीव यांना रुपयांत कोंबण्यापेक्षा त्यांना अट म्हणून ठेवावं: अमुक इतकं जुनं रान कायम राहिलंच पाहिजे, मग उरलेल्यात पैशाचं काय ते बघा.

गवा, हत्ती, वाघ यांचं या गणितात काही स्थान आहे का?

आपल्या जिल्ह्यात तर तेच मुख्य असायला हवं. दाजीपूर 1958 मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं, 1985 मध्ये विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य 351 चौरस किलोमीटरचं झालं, 2012 मध्ये युनेस्कोच्या पश्चिम घाटाच्या यादीत आलं. उत्तरेला कोयना आणि चांदोली मिळून 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. दक्षिणेला तिलारी आणि पुढे गोवा-कर्नाटकची रानं. मधला सगळा जोड आपल्या विशाळगड, पन्हाळा, गगनबावडा, भुदरगड, आजरा, चंदगड या पट्ट्यातून जातो. तिथली संवर्धन राखीव क्षेत्रं त्यासाठीच.

मॉडेलमध्ये हे दोन पद्धतींनी येतं. एक, अट म्हणून: कोणत्याही वर्षी जोडपट्ट्यातले लागोपाठचे कक्ष एकदम उघडे पडणार नाहीत. दोन, जनावराच्या वाटेचं वेगळं गणित करून. सर्किटस्केप नावाचं मोफत साधन आहे. प्रत्येक जमिनीला जनावरासाठी किती अडथळा आहे याचा आकडा आपण द्यायचा, मग विजेचा प्रवाह जसा वाट काढतो तशा वाटा ते काढतं. दाट रान कमी अडथळा, ऊस मधला, हमरस्ता जास्त.

इथं ऊस मधला का, याचं उत्तर गवा उसात शिरलेला पाहिलेल्या कुणालाही विचारा. दहा-बारा फूट उंचीचा ऊस म्हणजे जनावराला लपायला रानच. शहरात बसून उसाला सरसकट "शेती, जास्त अडथळा" असा आकडा दिला की नकाशा सुंदर येतो आणि साफ चुकतो. तोडणी झाल्यावर त्याच शेताचा आकडा बदलतो, तेही धरायला हवं. आजरा-चंदगडच्या शेतकऱ्यांना हत्ती कोणत्या महिन्यात कोणत्या ओढ्यानं उतरतो हे माहीत आहे. ती माहिती नकाशावर घेतल्याशिवाय वाटा काढू नयेत.

वणव्याचं काय?

वणवा कधी लागेल हे मॉडेल सांगत नाही. कुठं लागला तर किती पसरेल आणि जाळरेषा (आग अडवायला आधीच मोकळा केलेला पट्टा) कुठं काढली तर जास्त वाचेल, एवढं सांगतं. सड्यावरचं वाळलेलं गवत, वाऱ्याची दिशा, उतार हे घालून शेकडो वेळा खोटा वणवा लावायचा आणि कोणता कक्ष किती वेळा जळतो ते मोजायचं. उपग्रहाचे वणवा-इशारे वन सर्वेक्षण संस्थेकडून मोबाइलवर येतात, पण त्यातल्या बारीक साधनाचा एक ठोकळाही 375 मीटरचा, म्हणजे सुमारे 14 हेक्टर. आणि उपग्रह दोनदा वरून जाण्याच्या मधल्या वेळात गवत पेटून विझूनही जातं. तेव्हा गावकऱ्याचा फोन पहिला.

जंगल वाढवलं तर पंचगंगेचा महापूर थांबेल, असं मॉडेल सांगतं का?

नाही, आणि तसं कोणी सांगत असेल तर त्याच्यापासून सावध राहा. रानामुळं पाणी मुरतं, माती धरून राहते, ओढे उन्हाळ्यात जास्त दिवस वाहतात, लहान-मध्यम पुराचा जोर कमी होतो. पण 2019 आणि 2021 सारखा पाऊस पडतो तेव्हा जमीन आधीच चिंब भरलेली असते, मग पाणी थांबवायला जागाच उरत नाही. राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी 43 फूट, त्या दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. त्याची कारणं पाऊस, धरणांचे विसर्ग, पूररेषेतली बांधकामं, नदीचा वाट काढायचा वेग अशी अनेक. जंगलाचं समर्थन करायला पुराचा आधार घ्यायची गरज नाही, त्याची इतर कारणं भक्कम आहेत.

मालकी रानाला किंवा ग्रामसभेच्या जंगलाला हे लागू पडतं का?

मालकी रान, म्हणजे खासगी जमिनीवरचं जंगल, हा आपल्याकडचा मोठा आणि दुर्लक्षित भाग. तिथं मालकाला मुलीच्या लग्नाला पैसे लागले की उभ्या झाडांचा सौदा होतो. झाडतोडीवर 1964 च्या कायद्याचं नियमन आहे, पण ते परवानगीपुरतं. पाच-दहा एकराच्या मालकाला मॉडेल नको, "आज निम्मी मोठी झाडं, उरलेली पंधरा वर्षांनी" असा साधा तक्ता हवा. तो कागदावरही होतो.

ग्रामसभेला 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला असेल तर आपल्या जंगलाचा आराखडा तिचा तिनं करायचा असतो. धनगरवाड्याला चराई किती लागते, हिरड्याची किती झाडं आहेत, फांद्या तोडून हिरडा झोडतात का खालचा वेचतात, हे त्यांनाच ठाऊक. संगणकाचं काम तिथं एवढंच, की चराई आणि नवी रोपं यांची पाळी कशी लावली तर दोन्ही चालतील हे दाखवणं.

बैठकीत कोणी असा आराखडा पडद्यावर दाखवला तर आम्ही काय विचारायचं?

उद्दिष्ट म्हणून काय दिलं होतं, ते आधी. मग कोणत्या अटी घातल्या आणि त्या कोणी ठरवल्या. वाढीचे आकडे कुठल्या जंगलातले. काहीच न करण्याचा पर्याय होता का. एखादी अट काढली तर उत्तर किती बदलतं. आणि आमच्या गावचा कक्ष क्रमांक दाखवा, तिथं दहा वर्षांत प्रत्यक्ष काय होणार? शेवटच्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं नाही तर बैठक पुढची तारीख देऊन संपवा.

एआयला विचारलं तर आराखडा करून देईल की?

कागद करून देईल. उपग्रहचित्रातून रोपवन आणि नैसर्गिक रान वेगळं करायला मशीन लर्निंग खरंच कामाचं आहे, रोज वापरतो. पण न मोजलेल्या झाडांचे आकडे त्याच्याकडे येणार कुठून?

शिकायचं असेल तर सुरुवात कुठून?

क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या, मोफत आहे. आपल्या तालुक्याचं नोव्हेंबरचं सेंटिनेल-2 चित्र त्यात उघडा. निवडीच्या गणितासाठी एक्सेलमधलं सॉल्व्हर हे गणित सोडवणारं साधन पुरतं, त्यात 200 चलांपर्यंत (म्हणजे ठरवायच्या आकड्यांपर्यंत) मर्यादा आहे, आणि वर दिलेलं 300 हेक्टरचं उदाहरण कक्षनिहाय मांडलं तरी त्यात बसतं. पुढं गेलात की पायथन किंवा आर, आणि हाय्स (HiGHS) किंवा जीएलपीके हे मोफत सॉल्व्हर. भूदृश्याच्या, म्हणजे अख्ख्या परिसराच्या, पातळीवर लँडिस-टू हे मॉडेल बघा, पण घाई नको. आणि एखाद्या वनरक्षकाबरोबर डिसेंबरात एक भूखंड पूर्ण मोजा, 31.62 मीटरच्या चारही बाजूंसकट. परवानगी आधी काढून ठेवा, अभयारण्यात तर लेखीच लागते.